कादंबरीतली गाळलेली पानं

अण्णा, माझ्या लेकीने, तुमच्या नातीने, अमेरिकेहून पुस्तकं वाचायचं यंत्र आणलंय. पाटीएवढं, पण पाटीपेक्षा हलकं. कुकटपल्लीला तिच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मी त्यावर वाचते आणि तुमच्यावर चिडते. एवढी घाई कसली होती जायची? बटण दाबलं की यात अक्षर वाटाण्याएवढं होतं. भिंग नको, एक डोळा मिटणं नको, हरवलेली ओळ शोधणं नको. दोषही आहेत, आणि ते मी लेकीला तोंडावर सांगितले. पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो. आत उजेड नाही, दिवा लावावाच लागतो. तुमच्यासारखं समासात पेन्सिलीने ‘साफ चूक’ असं लिहिण्याची सोय नाही. आणि मराठी? तिने एक मराठी गोष्ट आत घातली, तर पानभर रिकामे चौकोन. म्हणाली, “आई, त्यात मराठी फॉन्ट नाहीये.” मी म्हटलं, “मलाही शाळेत नन्सनी मराठी शिकवलं नव्हतं. म्हणून मी चौकोन काढत बसले का?”

ती हसली. मला मलकपेठचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुमची नजर अगदीच गेली, तेव्हा सुलतान बाजारातून तुम्हीच कधीतरी आणलेली ती जाडजूड कादंबरी मी रोज ऑफिसला जाण्याआधी वाचून दाखवायची. मी अडखळते, आणि जोडाक्षर आलं की तुम्ही ते हळूच पुरवता. बस चुकेल म्हणून मी दोन-दोन, कधी तीस-तीस पानं एकदम उलटते. एका सकाळी नायिकेचं लग्न ठरलं आणि पुढच्याच वाक्यात तिला मूल झालं. तुम्ही बशीत चहा ओतत म्हणालात, “हौ, फार लवकर उरकलं.” मी म्हटलं, “लेखकच घाईत आहे, अण्णा.” “असेल. जा, बस येईल तुझी.”

किती वाचून झालं ते हे यंत्र खाली टक्क्यांत दाखवतं. तुम्हाला त्याची गरज नव्हती. रोज पुस्तक परत घेताना उरलेल्या पानांवरून तुम्ही अंगठा फिरवायचात, हे मला आत्ता, यंत्राच्या कडेवर अंगठा ठेवून बसले असताना आठवलं. म्हणजे तुम्हाला कळत होतं. रोज. तरी दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्याच हातात द्यायचात.

कपाटातून ते पुस्तक काढलंय. यंत्रावर इंग्रजी वाचते, आणि गाळलेली पानं तुमच्या भिंगातून. लग्न थाटात झालं, अण्णा. चांगली तेवीस पानं. तुम्हाला लिहिलेला हा कागद तिथेच खूण म्हणून घालून ठेवते. लेक ऑफिसला गेली की मी मोठ्याने वाचते, आणि जोडाक्षर वाचता येत असलं तरी तिथे मुद्दाम थांबते.