काळ्या गाडीची ओळख

३ ऑक्टोबर १९९३
टँकरच्या रांगेत हंसाबेन कानाशी आली. तुमची मृणालिनी चेणे गावाच्या बाजूला एका मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसलेली दिसली, म्हणाली. मुलाच्या डोक्यात हेल्मेट. गाडी काळी, जपानी, जुनं मॉडेल. कुठली जपानी, ते सांगता येईना. म्हणे, सब एक जैसी दिखती है.
मृणालिनी म्हणते, मी टायपिंगच्या क्लासला होते.
१६ नोव्हेंबरला विमलाबाईंचा भाचा तिला बघायला येतोय. बँकेत कायम. त्याच्या आत गाडी ओळखायची, गाडीवरून मुलगा, की विषय संपला. ह्यांना सांगायचं नाही, बीपी आहे. मॅट्रिकला सायन्समध्ये मला बासष्ट होते. आठ दिवस पुरेत.

४ ऑक्टोबर
आवारात सात काळ्या गाड्या. प्रत्येकीला दोन चाकं, एक सीट, एक दिवा. जपान्यांनी मुद्दाम केलंय.

५ ऑक्टोबर
बी विंगमधल्या रोशनला मास्तर नेमलं. टेलिफोन खात्यात आहे, आईबरोबर राहतो, मान वर करून बोलत नाही. त्याचीही गाडी काळीच, पण त्याचं काय. पुतण्याला सेकंडहँड घ्यायचीय म्हणून शिकायचंय, असं सांगितलं. तपासात खरं कारण कुणाला सांगू नये. घामाने डबडबला बिचारा. ऊन फार आहे.

८ ऑक्टोबर
पहिला धडा. होंडाची चेन पूर्ण झाकलेली असते आणि ती धूर सोडत नाही. आवाज शिलाई मशीनचा. सुझुकी आणि यामाहाच्या पेट्रोलात ऑइल जातं, म्हणून दोघी धूर सोडतात. यामाहा मोहरी तडतडल्यासारखी. सुझुकी शिट्टीच्या आधीचा कुकर. ही उदाहरणं माझी. रोशन म्हणाला, काकू, असं कुणी सांगितलं नव्हतं.
त्याची स्वतःची आर एक्स हंड्रेड, ८५ सालची. म्हणतो, त्या लॉटचे पार्ट जपानहून पेट्यांतून आले. इंजिनावर शिक्का आहे तो दाखवला. पदराने पुसून वाचला. मूर्ती पुसावी तशी गाडी पुसतो. दर रविवारी वंदनेला जातो म्हणाला. भाविक. असा मुलगा पोरी फिरवत नाही.

१४ ऑक्टोबर
गॅलरीत डोळे मिटून परीक्षा. दहापैकी सहा बरोबर. चुकलेल्यांत एक पाण्याचा टँकर होता, तो धरायचा नाही.

२४ ऑक्टोबर, दसरा
आवारातल्या सगळ्या गाड्यांची पूजा मी करते म्हटलं. पुण्य आणि तपास एकदम. एका हाराचे सात तुकडे केले. होंडाला हळद, सुझुकीला अष्टगंध, यामाहाला कुंकू, म्हणजे आता हंसाबेनलाही लांबून ओळखता येईल. रोशनच्या टाकीवर मात्र कुंकवाची पाच बोटं उठवली. मास्तरांचा मान. पांढरेशुभ्र कपडे घालून उभा होता. पूजेला असं यावं. बाकीचे लुंगीवर आले.

२९ ऑक्टोबर
हंसाबेनला पुन्हा चेण्यातच दिसली. टाकीवर लाल पाच बोटं.
म्हणजे चोर हुशार आहे. रोशनवर आळ यावा म्हणून तशीच बोटं उठवली. रोशनला सावध केलं. बराच वेळ खोकत होता. धुराचा परिणाम.

३० ऑक्टोबर
उपाय सापडला. क्लास सुटला की रोशननेच मृणालिनीला गाडीवरून घरी आणायचं, रोज. चोर जवळ फिरकणार नाही. मृणालिनी म्हणाली, तू म्हणतेस म्हणून जाते. शहाणी आहे.

७ नोव्हेंबर
चोर ठरला. तळमजल्याचा उत्तम. सुझुकीवाला. माझ्याकडे बघत नाही, एवढं पुरे. जाऊन स्पष्ट बोलले. त्याची आई शेवंती म्हणाली, गाडी खोलून दोन महिने झाले, इंजिन कॉटखाली भाजीच्या टोपलीत आहे, वाकून बघा. वाकले. सुझुकीचंच इंजिन, क्षणात ओळखलं. शेवंती म्हणाली, हो, त्यावर लिहिलंय.

११ नोव्हेंबर
चिवड्याचे पोहे चाळत होते. मृणालिनी समोर येऊन बसली. विमलाबाईंना नाही म्हणून कळव, म्हणाली. मी म्हटलं, आधी तो मुलगा सापडू दे.
"आई, पाच बोटं तू एकाच गाडीवर उठवलीस. तुला कळलंय. तुला कळून घ्यायचं नाहीये."
पोहे परत चाळले. चाळून झालेले होते.
ह्यांना सांगितलं. ह्यांना गणपतीपासून माहीत. बीपी नॉर्मल.

१२ नोव्हेंबर
रोशनशी बोलणं बंद. वंदना म्हणजे बुद्धवंदना, हेही कालच कळलं. दसऱ्याचे पांढरे कपडे तिकडे जायला होते. उशीर होत होता, तरी गाडी पुढे करून माझ्या कुंकवासाठी थांबला. मृणालिनी हे रडत सांगत होती. मला सांगायची काय गरज होती.
जपाला बसले. मणी चुकत होते. आमच्याकडे दत्त, त्यांच्याकडे बुद्ध. लोक काय म्हणतील, असं ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "लोकांना त्या सात गाड्या तरी ओळखता येतात का?"

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
विमलाबाईंना फोन करून नाही म्हटलं. चिडल्या. बँकेतला मुलगा सोडून काय बघितलंत, म्हणाल्या. मी म्हटलं, हा मुलगा मी स्वतः महिनाभर पारखलाय. रोज नजरेखाली होता. खोटं काय त्यात.

१५ नोव्हेंबर
बी विंगमध्ये चहा झाला. रोशनच्या आईने चकल्या माझ्यापेक्षा बऱ्या केल्यात, हे मान्य करायचं नाही. त्याचे मामा डोंगरीला असतात, तेच घरातले मोठे, त्यांना लगेच भेटायला जायचं ठरलं. मृणालिनी आणि हे बसने. मी रोशनबरोबर गाडीवरून, म्हणजे वाटेत दोन गोष्टी स्पष्ट विचारता येतील.
रोशन हेल्मेट आणायला वर गेला होता. मी पदर खोचला, काळ्या गाडीवर नीट बसून घेतलं आणि काय काय विचारायचं ते मनात लावत राहिले. तो मागून आला.
"काकू, ही सुझुकी आहे."
मी म्हटलं, माहीत आहे, बसून बघत होते.
उतरले. सीट चांगली होती.