दोघांपुरती गाडी

शुक्र. ९ जाने. रास तनुरा (सौदी), कॅम्प
सुट्टी. कपडे धुतले. लेकाने, निखिलने, जर्मनीतल्या फ्रायबुर्गहून गाडीचा नकाशा पाठवला. मोटरहोम. सहा मीटर लांब, दोन मीटर वीस रुंद. पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळं आत. दोघांपुरतं.
इकबालभाई दापोलीचा, माझ्या वरच्या बंकवर. वरून डोकावून म्हणतो, "भाऊ, सव्वीस वर्षं पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमध्ये काढलीस. आता चाकं लावलेल्या पोर्टाकॅबिनमध्ये सुट्टी घालवायला युरोपात जाणार? असला येडा नाय बघितला."
हॉटेल का नको, मलाही ठाऊक नाही. बायकोचा हट्ट. सुलभाने मोबाइलवर कसलासा व्हिडिओ बघितला आणि बसलीच धरून. जायचं तर असल्या गाडीतूनच.
मार्चअखेर फायनल एक्झिट. नोकरी खलास. मी इथून थेट लेकाकडे, सु. मुंबईहून. मग जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड एकमेकांना टेकतात त्या पट्ट्यात बारा दिवस, आणि तिथून दोघं मिळून गुहागरला. सु.ला शब्द दिलाय, या वेळी परतीचा शिक्का नाही.

मंगळ. १३ जाने.
ड्यूटीवरून आल्यावर प्लॅन काढला. रिफायनरी दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाउनचा काढतो तसा, तासातासाचा. ०७०० चहा. ०७३० पाण्याची टाकी. ०८०० टायर, गॅस लीक चेक. ०८१५ निघणे. सु.ला फोटो पाठवला. लगेच फोन.
"अहो, यात माझ्याशी बोलायला किती मिनिटं ठेवलीत?"
हसलो. मग चार्ट बघितला. नव्हतीच ठेवली.

शुक्र. १६ जाने.
निखिल म्हणाला, "बाबा, गाडी ताब्यात घ्यायला रविवार टाकलाय तुम्ही."
"मग? आठवड्याचा पहिला दिवस."
"तुमच्याकडे! इथे रविवारी डेपो बंद, दुकानं बंद. पावसुद्धा मिळणार नाही."
शुक्रवारची सुट्टी अंगात मुरलीय, दुसरं काय. इकबालभाई अजून खिदळतोय. चार्ट नव्याने काढला. १९०० ते २००० गप्पा. सु. म्हणाली, "अख्खा तास? कशाला एवढी उधळपट्टी!"

सोम. १९ जाने.
जर्मनीच्या व्हिसासाठी खोबरच्या सेंटरला गेलो. फाइल चोख होती. काउंटरवरच्या बाईने दोनदा चाळली. "अंकल, एक्झिट री-एंट्री का पेपर?"
म्हटलं, री-एंट्री नहीं, फायनल एक्झिट. वापस नहीं आना.
"फिर यहाँ से नहीं होगा. इंडिया जाके अप्लाय करो."
परत येणाऱ्याचाच अर्ज इथून घेतात. सव्वीस वर्षं प्रत्येक कागद परतीच्या शिक्क्यासकट हातात पडला, म्हणून विचारायचं डोक्यातच आलं नाही. वेल्डिंगआधी गॅस टेस्ट झाली का म्हणून दहादा विचारणारा मी. गाढव.

बुध. २१ जाने.
साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, सोपं आहे. री-एंट्रीवर सुट्टी घे, फिरून ये, चार महिने काढ, मग जा फायनल. तू हवाच आहेस आम्हाला.
खरं लिहितो. ऐकून बरं वाटलं. मग जेवण गेलं नाही. सु.ला काय तोंडाने सांगायचं

शुक्र. २३ जाने.
घरी जायची भीती वाटते. हे कुणाला सांगणार, म्हणून इथे.
दरवर्षी एक महिना घरी. म्हणजे पाहुणाच. ताट आयतं, रोज काहीतरी गोड. तेवढ्यात भांडायलासुद्धा फुरसत होत नाही. एकतिसाव्या दिवशीची सु. कशी असते मला माहीत नाही. चहाची पूड कुठल्या डब्यात असते तेही माहीत नाही. म्हणून तर ही गाडी मलाही आवडून गेली. तिथे तिचं घर नाही, माझा कॅम्प नाही. दोघंही नवखे.
संध्याकाळी फोनवर सगळं सांगून टाकलं. काउंटर, साहेब, चार महिने. ती म्हणाली, "तुम्हाला यायचंय ना घरी?"
मी चादरीची शिवण उसवत बसलो. तीच म्हणाली, "रेंज गेली का?"
"नाही. आहे मी," म्हटलं. मग भीतीचंही सांगितलं.
"मला नाही वाटत होय? घोरता किती! पडवीत घालीन झोपायला." मग म्हणाली, "ती गाडी मला कशाला हवी होती, विचारलंत कधी? तुमच्या कॅम्पात बायकांना येऊ देत नाहीत. सव्वीस वर्षं एवढ्याशा जागेत तुम्ही कसे राहिलात, चहा कुठे करत होतात, टॉवेल कुठे वाळत घालत होतात. एकदा तसं राहून बघायचं होतं. तुमच्याबरोबर."
आणि ठेवला फोन. रडलो. इकबालभाईने चहा आणून ठेवला.

सोम. २६ जाने.
सु.चा फोन नाही. मी केला तर म्हणे कामात आहे. निखिलला विचारलं. "आईने मापं मागितली माझ्याकडे," म्हणाला. कसली मापं?

गुरु. २९ जाने.
जेवणाच्या सुट्टीत फोटो आला. आमचं खळं, नुकतं सारवलेलं. त्यावर रांगोळीने अख्खी गाडी काढलीय. सहा बाय दोन वीस, टेप लावून. पलंग, शेगडी, दार. संडासाच्या चौकोनात अक्षरात 'संडास'. मध्ये दोन पाट. एकावर स्वतः बसलीय, कमरेवर हात ठेवून. दुसरा रिकामा.
खाली लिहिलंय: "मावतो आपण. आधी घरी या. मग दोघं एका रांगेत उभं राहून व्हिसा मागू. नाही दिला तर ही गाडी आहेच."
इकबालभाईला दाखवला. बराच वेळ फोन परत देईना. त्याची बायको हर्णैला असते.

रवि. १ फेब्रु.
साहेबांना सांगितलं, फायनलच. फॉर्मवर सही केली. निखिल व्हिसासाठी मुंबईची तारीख बघतोय, दोघांची एकत्र. एप्रिलात मिळेल म्हणतो. पुढे व्हिसा देतात की नाही, देव जाणे. इतक्या वर्षांत सु.बरोबर रेशनच्या रांगेतसुद्धा उभा राहिलो नाही.
फोटो मोठा करून तपासला. शेगडी चुकीच्या बाजूला काढलीय. फोन करून सांगितलं.
"राहू दे तिथेच," म्हणाली. "नकाशे तुमचे, शेगडी माझी."
मग विचारलं, चहाची पूड कुठल्या डब्यात असते?
"या आणि शोधा," म्हणाली.