पाट्यांच्या दुकानातला जुना लॅपटॉप

३ मार्च, सोमवार

पुन्हा बंद पडला! वकिलांच्या दाराची पाटी मशीनवर होती, दुसरी ओळ अर्धी खोदून झाली होती — आणि लॅपटॉपने मान टाकली. पितळेचा पत्रा वाया. धाकटा लगेच म्हणाला, "बघ. मी कधीपासून सांगतोय, ताई. नवा घेऊ."

जणू वाटच बघत होता.

अकरा वर्षं झाली ह्या लॅपटॉपला. डावी बिजागरी तुटलीय, पडदा मागून लाकडाचा ठोकळा लावून उभा करावा लागतो. पंखा गिरणीसारखा घरघरतो. सगळं मान्य. पण आमचं खोदकामाचं मशीन ह्याच्यावरच चालतं, आणि माझी अक्षरं ह्याच्यातच आहेत. दुसरीकडे उघडतच नाहीत. ते सॉफ्टवेअर काढणाऱ्यांनी गाशा गुंडाळूनही जमाना झाला.

लॅपटॉप नवा म्हणजे मशीन नवं. मशीन नवं म्हणजे अक्षरं नवी. अक्षरं नवी — मग मी कशाला?

हे त्याला कळत नाही असं नाही.

४ मार्च, मंगळवार

लॅपटॉप चालू झाला. दिवसभर नीट चालला. त्याच्या मनात असतं तेव्हाच.

एक गिऱ्हाईक आलं होतं. दारावरची पाटी बघून म्हणालं, अक्षर फार सुरेख आहे हो, कोणाचं? धाकटा म्हणाला, "आपलीच अक्षरं. घरची."

घरची! बाबा ब्रशने पाट्या रंगवायचे. ते गेले, मशीन आलं, तेव्हा बाजारात मिळणारी अक्षरं इस्त्री केल्यासारखी — एकजात सपाट. म्हणून मी बसले. सहा वर्षं. आलेखाच्या कागदावर एकेक अक्षर. एकट्या 'क्ष'ने मला अकरा वेळा रडवलं. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. तेव्हा हा शेजारी बसून शेंगा... नाही, खोटं कशाला लिहू, तेव्हा हा बाहेर फिरून कामं आणत होता. पण रेघ एकही त्याची नाही. आणि आज "आपली"!

मी तिथेच बसले होते. साधं बोट तरी दाखवायचं माझ्याकडे.

६ मार्च, गुरुवार

नव्या मशीनचं माहितीपत्रक घेऊन आला. टेबलावर पसरून मला म्हणतो, "पडदा केवढा आहे बघ ताई! जवळजवळ दुप्पट."

म्हटलं, "सिनेमा बघायचाय का?"

हसला नाही. "आणि पत्रा कसाही ठेव, तिरका ठेव, हे मशीन स्वतः सरळ करून घेतं. अक्षरंही तयार येतात आत. शेकड्याने."

"म्हणजे माणूस नकोच."

"तसं कोण म्हणालं?"

कोणी म्हणालं नाही. म्हणावं लागत नाही.

आमच्यात कामं वाटलेली आहेत — मजकूर मी मांडायचा, आधी जुन्या संगणकावर, आता लॅपटॉपवर. पत्रा शिकंज्यात पकडून मशीन त्याने चालवायचं. बावीस वर्षं असंच. आता एका माहितीपत्रकात माझं काम बसलं. त्याचं मात्र शिल्लक!

१० मार्च, सोमवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंची पाटी तिरकी गेली. डावीकडून उजवीकडे चढत गेलेली, घाटरस्त्यासारखी. बाईंनी हातात घेतली, मान वाकडी करून वाचली, आणि परत ठेवली. रागावल्या असत्या तर बरं.

धाकटा म्हणे, "लॅपटॉप अडकतोय. मशीनला चुकीचं सांगतो."

मी फाइल उघडली. शिरोरेषा सरळ. एक केसभरही फरक नाही. त्याला बोलावलं, ये, बघ. आला, पडद्याकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "असेल. मला काय माहीत आत काय होतं."

नाचता येईना अंगण वाकडं.

११ मार्च, मंगळवार

धाकट्याने आपला चहा वेगळा मागवला. मीही.

१५ मार्च, शनिवार

लॅपटॉप पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. चौकाच्या आतल्या गल्लीत, जिन्याखाली बसतो तो. पंधरा वर्षांची ओळख. हा माणूस असा की साधा चार्जर दाखवला तरी चार स्क्रू काढून बघितल्याशिवाय राहायचा नाही. आज लॅपटॉप नुसता उलटा करून पाहिला आणि ठेवून दिला.

"नाही होणार, ताई. मदरबोर्ड गेलाय."

"उघडलाही नाहीस तू."

"कळतं ना आवाजावरून. नवा घ्या. कशाला जीव काढताय ह्याच्यात."

माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरचे स्क्रू मोजत होता.

येताना पिशवी दुप्पट जड वाटली. सहा वर्षांची अक्षरं, आणि माझी पन्नाशी उलटलेली. पुन्हा काढीन म्हटलं तर हात चालेल का?

१७ मार्च, सोमवार

धाकट्याला सांगितलं, दुरुस्त होत नाही म्हणाला. "अरेरे" म्हणायलाही थांबला नाही. "ठीक. मग नवाच मागवू."

आणि भावजय! हल्ली रोज दुकानात. सकाळी त्याच्याबरोबर येते, संध्याकाळी त्याच्याबरोबर जाते. ऑर्डरची वही त्याला मोठ्याने वाचून दाखवते — राजाच्या दरबारातला भालदार जसा! गिऱ्हाईक आलं की हीच आधी, "या काका, तुमचा शिक्का तयार आहे." एवढ्या वर्षांत कधी उंबरा ओलांडला नव्हता दुकानाचा. तिला तयार करतोय तो, आणखी काय. माझी खुर्ची रिकामी व्हायच्या आत त्यावर उशी टाकून ठेवायची.

मी तिला म्हटलं, "त्याला वाचता येत नाही का?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने वही मिटली.

टोचलं असणार. टोचू दे.

१८ मार्च, मंगळवार

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंची पाटी — मागच्या बाजूवर खोदली. खरखरीत, पॉलिश नसलेली बाजू! त्यातही शेवटची ओळ कडेबाहेर गेलेली. बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलांनी असं लिहिलं की मी पुन्हा लिहायला लावायचे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

फाइल बरोबर. मजकूर बरोबर. मग पत्रा उलटा कोणी लावला? लॅपटॉपने?

संध्याकाळी बसून सगळं जुळवलं. चुका जानेवारीपासून वाढल्यात. नव्या मशीनचा विषयही जानेवारीपासूनच. हा मुद्दाम करतोय. पत्रे वाया घालवायचे, माणसं दुखवायची, खापर लॅपटॉपवर फोडायचं — म्हणजे मला नाही म्हणता येऊ नये.

बाबा गेले तेव्हा हा अकरावीत होता. चित्रकलेचा वर्ग सोडून दुकानात मी बसले, तो शिकावा म्हणून. केसाने गळा कापणारा परका असतो असं कोणी सांगितलं?

२० मार्च, गुरुवार

दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा गेले. स्टूल ओढून त्याच्या समोरच बसले. म्हटलं, माझ्या डोळ्यांत बघून सांग, मदरबोर्ड गेलाय.

त्याने सोल्डरिंगची काडी पुसून ठेवली. मग म्हणाला, "तुमचे बंधू आले होते, ताई. तुमच्या आधी दोन दिवस. म्हणाले, ताई आली तर सांग, होणार नाही म्हणून. मी म्हटलं, घरचा मामला आहे, आपण कशाला…"

"कारण काही सांगितलं?"

"नाही. पण फार अजिजीने बोलत होते."

अजिजीने! कपट करायलाही किती कष्ट घेतो.

तिथेच उघडायला लावला. पंख्यात धुळीचा गोळा — पितळेची भुकटी आणि केस. बॅटरी फुगलेली. पडद्याची एक वायर झिजलेली. बस्. "एका दुपारचं काम," म्हणाला, आणि खजील होऊन, "बिजागरीही बसवून देतो."

२१ मार्च, शुक्रवार

झालं. सगळं बोलून झालं.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि विचारलं, "दुरुस्तीवाल्याला तू शिकवून ठेवलंस?"

मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाला, "हो."

"का?"

शिकंजा पिळत राहिला.

"मला काढायचंय म्हणून?"

"ताई, काहीतरीच काय बोलतेस."

"मग कारण सांग! एक कारण सांग, मी आत्ता तो लॅपटॉप भंगारात टाकते."

भावजय मध्ये आली, "सांगून टाका ना हो एकदाचं —" तर तिच्यावर खेकसला, "तू गप्प बस!" मला म्हणाला, "मला मोठा पडदा हवाय. एवढंच कारण आहे. पटत असेल तर पटवून घे."

मोठा पडदा. बावीस वर्षांच्या बदल्यात!

मी त्याला नको नको ते बोलले. बाबांचं नाव काढलं. पाट्या मुद्दाम बिघडवतोस म्हटलं. तेव्हा मात्र चमकून माझ्या दिशेने बघितलं — आणि मग खरं सांगते, त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा दिसला. म्हणाला, "हो. मुद्दाम. तसंच समज."

तसंच समज! म्हणजे कबूल.

२४ मार्च, सोमवार

लॅपटॉप माझ्या घरी आणला. चालतो. एकदाही बंद पडला नाही.

२८ मार्च, शुक्रवार

वकिलांकडून कागद करून घेतला. (पाटीबद्दल माफी आधी मागितली. ते म्हणाले, "भाऊबहिणीत कागद आला की मला आनंद होत नाही, बाई." मला तरी कुठे होतोय.) अक्षरं आणि लॅपटॉप माझा. दुकान आणि मशीन त्याचं. मागच्या रस्त्यावरच्या शिक्केवाल्याकडेही असंच जुनं मशीन आहे; तो माझी अक्षरं घेऊन काम करायला एका पायावर तयार आहे. ह्याचं जुनं मशीन मात्र लॅपटॉपशिवाय लोखंडाचा ठोकळा. घे म्हणावं आता मोठा पडदा, आणि नाचव.

१ एप्रिल, मंगळवार

सह्या झाल्या.

मला वाटलं होतं भांडेल. एकेका शब्दावर अडेल, अक्षरं सामाईक आहेत म्हणेल. मी रात्रभर उत्तरं पाठ केली होती. कागद समोर ठेवला तर तो म्हणाला, "सही कुठे करू?"

"वाचून तरी घे."

"तू लिहून आणलंयस ना. त्यात काय वाचायचं."

मी ओळीवर बोट ठेवलं. माझ्या बोटाला पेन टेकवून त्याने सही केली. तीही धड नाही — अर्धी ओळीवर, अर्धी खाली घसरलेली. ज्या माणसाचा जन्म अक्षरांत गेला त्याने बहिणीच्या कागदावर अशी सही करावी! इतकीसुद्धा किंमत नाही.

भावजय भिंतीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. मी विचारलं नाही का ते.

निघताना तो म्हणाला, "लॅपटॉपवर धूळ बसू देऊ नकोस. जपून वापर." टोमणाच असणार.

४ एप्रिल, शुक्रवार

घरच्या टेबलावर पहिलं काम. एका प्रयोगशाळेची पाटी. अक्षरं झकास उघडली. 'ळ' थोडा बारीक केला, बरा दिसला.

मान वळवून "हे बघ रे" म्हणणार होते.

एवढं मोठं घर नाही माझं, पण आज आवाज घुमत होता. जिंकले ना मी? मग जेवण का जाईना? शिक्केवाला चांगला आहे. पैसे... असो. त्याला काना कुठे संपतो आणि मात्रा कुठे सुरू होते ह्याच्याशी कर्तव्य नाही. धाकट्याला होतं. पूर्वी. 'श'ची गाठ घट्ट झालीय, ताई, सोड जरा — हे तोच म्हणू शकायचा.

त्यालाच हे नको झालं. मी काय करू.

७ एप्रिल, सोमवार

स्टीलची पट्टी दुकानात राहिली होती, ती आणायला गेले. न बोलता घ्यायची आणि निघायचं, असं ठरवून. भावजय नव्हती. धाकटा एकटाच टेबलाशी. मी आत पाऊल टाकलं तसा उठून उभा राहिला, हसला, माझ्यासाठी खुर्ची चाचपून पुढे केली. "या, बसा ना. मिसेस येतीलच एवढ्यात, त्या लिहून घेतील. आपल्याला पाटी करायचीय की शिक्का?"

भर दुपार. ट्यूब चालू. उजेड माझ्या तोंडावर. मी त्याच्यापासून तीन हातांवर उभी होते, आणि माझ्या भावाला मी दिसत नव्हते.