पांढऱ्या गोळीचं विचारायचं राहिलं

९ फेब्रुवारी १९९८

चि. गोळीबाईस,
अ. उ. आ.

पार्सल पोचलं. तुझ्या पिवळ्या गोळीला दंडवत. तीन महिन्यांपूर्वी पुस्तकांच्या जिल्दीवर सोनेरी अक्षरं उठवताना कपाळाचा घाम टपकन खाली पडायचा आणि मालक चष्म्यावरून बघायचे. आता कपाळ कोरडं ठणठणीत. रात्री पंख्यावरून तुझ्या दादाशी भांडणही होत नाही, त्यामुळे त्याला करमत नाही.

तक्रार पांढरीबद्दल आहे. महिन्यातले बारा दिवस ती घ्यायची आणि ते बारा दिवस मी माझी नसते. पोट फुगतं, डोळ्यांवर झापड येते. काल पानांचे गठ्ठे, फर्मे, उलटसुलट शिवले गेले म्हणून ढसाढसा रडले, तर शेजारची विचारते, घरी कोणी गेलं का. ती घ्यायलाच हवी का, एवढं तुमच्या डॉक्टरीणबाईंना विचार. तुझं औषधांचं दुकान त्यांच्या दवाखान्याच्या खालीच, मला यायला एक अख्खा दिवस मोडतो.

लोभ आहेच, तो गोळ्यांच्या पार्सलात येत राहू दे.
तुझी वहिनी

१७ फेब्रुवारी १९९८

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रडू नकोस बाई, घामाऐवजी आसवांनी पुस्तकं भिजायला लागली तर माझ्या गोळ्यांचा उपयोग काय? पांढरीबद्दल ही कुरकुर मी काउंटरवर नेहमी ऐकते. सध्या तू ती थांबव, पिवळी चालू ठेव. महिना-दोन महिन्यांत काही आभाळ कोसळत नाही. मी बाईंना विचारून कळवते.

दादाला सांग, करमत नसेल तर बायकोला चहा करून द्यावा.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नये.
तुझी गोळीबाई

२१ ऑगस्ट २००२

चि. गोळीबाईस,
अ. उ. आ.

हसू नकोस, पण पाळी जाऊन पाच वर्षं झाली आणि परवापासून पुन्हा डाग दिसतात. या वयात तुझी गोळी मला सोळाव्या वर्षात नेते की काय? यांना बोलले नाही, उगाच घर डोक्यावर घेतील. शाळेच्या वह्यांचं मोठं काम आलंय, ते उरकलं की बघेन.

आहे तशीच माया ठेव.
तुझी वहिनी

२६ ऑगस्ट २००२

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. पत्र हातात पडेल त्या दिवशी डॉक्टरकडे जा, वह्या राहू देत. पिवळी गोळी आत्तापासून बंद. दोनदा फोन केला, दोन्ही वेळा दादाने उचलला. तू त्याला सांगितलं नव्हतंस, म्हणून हवापाण्याचं बोलून ठेवला. माझं ऐक.

तुझी गोळीबाई

२० सप्टेंबर २००२

चि. गोळीबाईस,
अ. उ. आ.

गर्भाशयाचं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं होतं. कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात गर्भाशय काढणार. हे ऐकून तुझा दादा दवाखान्याच्या जिन्यातच बसला.

डॉक्टरांनी विचारलं, पिवळीच्या जोडीची गोळी कोणी बंद केली. मी म्हटलं, मीच विसरत गेले. त्यांनी तसंच कागदावर लिहून घेतलं. पांढरी नक्की कशासाठी होती गं? मी कधी विचारलंच नाही.

माया असू दे.
तुझी वहिनी

२६ सप्टेंबर २००२

ती. वहिनीस,
साष्टांग नमस्कार. खरोखरचा.

पिवळीत इस्ट्रोजेन होतं. त्याने तुझा घाम थांबला, पण तेच गर्भाशयाच्या अस्तराला वाढ, वाढ म्हणून सांगत राहतं. पांढरी त्याला आवरायची. आवरणारं कोणी नसलं की अस्तर वाढतच राहतं आणि त्यातूनच कधी कधी हे होतं. ही नवी माहिती नाही वहिनी. मला ती तेव्हाही होती. म्हणून तर महिना-दोन महिनेच म्हटलं होतं.

पत्र टाकलं त्याच दिवशी मी बाईंच्या दारापर्यंत गेले होते. बाकावर सात-आठ जणी बसल्या होत्या. उद्या विचारू म्हणून खाली आले. उद्या दुसरं काहीतरी निघालं. तू बरी आहेस असं लिहीत होतीस, आणि दर तीन महिन्यांनी नुसत्या पिवळ्यांचं पार्सल मी माझ्या हाताने बांधत होते. चार वर्षं. गिऱ्हाईकांना बजावते की परस्पर गोळी बंद करायची नाही, आणि घरच्या माणसाला तेच करायला लावलं.

तू डॉक्टरांशी माझ्यासाठी खोटं बोललीस, ते सहन होत नाही. तू म्हणशील त्या दिवशी येऊन मी त्यांना आणि दादाला सगळं सांगते. दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही.
तुझी

२० ऑक्टोबर २००२

चि. गोळीबाईस,
अ. उ. आ.

उशिरा लिहिते, टाके ओढतात. आणि खरं सांगू, तुझा राग आला होता. तुझं पत्र उशीखाली होतं आणि मी भिंतीकडे तोंड करून मनातल्या मनात तुला वाटेल ते बोलत होते. बाकावरच्या बायकांना बघून तू परत फिरलीस आणि माझी चार वर्षं नेलीस. राग अजून गेलेला नाही. पण मीही तुला आठवण केली नाही, बरं वाटत होतं ना. तेही मला खातं.

दादाला सांगायचं तर सांग, मी अडवणार नाही. दुकान मात्र सोडू नकोस. पांढरी नको म्हणणारी कोणीतरी उद्याही येईल, तिला तू भेटायला हवीस.

आता काम सांगते. आजार पसरलाय का ते बघायला गर्भाशयासोबत आजूबाजूच्या गाठीही काढल्या होत्या, त्यांचा रिपोर्ट आलाय. तो यांच्या शर्टाच्या खिशात आहे आणि तो शर्ट हे धुवायला टाकत नाहीत. तपासणीला गेले की डॉक्टर आधी दाराबाहेर यांच्याशी बोलतात आणि मला म्हणतात, झकास आहे. घरात सगळे माझ्याशी गोड बोलतायत. मला किती दिवस आहेत हे कोणी सांगत नाही. तुला ती भाषा कळते, आणि आता तू माझ्याशी खोटं बोलणार नाहीस. तू ये. डॉक्टरांकडे रांग असेल, बसून राहा.

आणि या वेळी मात्र विचारून कळव.

तुझी वहिनी