‘केअर’ची पहिली चिठ्ठी

४ फेब्रुवारी
आजपासून ‘केअर’. शब्दकोशाच्या कचेरीतून कोऱ्या चिठ्ठ्या घरीच मागवल्या — ह्यांना एकटं सोडून जाता येत नाही. तीस वर्षं आम्ही दोघं समोरासमोर बसून हेच काम केलं. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, एकेका अर्थाची एकेक चिठ्ठी करायची. सर्वांत जुना अर्थ सर्वांत वर. हा दंडक ह्यांचाच.

आता ह्यांना ‘चमचा’ आठवत नाही.

५ फेब्रुवारी
शाळेत सिस्टर सांगायच्या, केअर आणि क्युअर सख्ख्या बहिणी, दोघी लॅटिनच्या पोटच्या. लग्नानंतर मी तेच ह्यांना ऐकवलं. केवढे हसले होते! “बाईसाहेब, तोंडवळा सारखा म्हणून नातं लावू नका!” क्युअर लॅटिनमधला. केअर जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा मूळ अर्थ — शोक. काळजी, सांभाळ, हे सगळं मागून आलं.

पहिली चिठ्ठी लिहिली. शोक. एवढंच झालं दिवसभरात.

७ फेब्रुवारी
मुलगा आला. केअर होमचं माहितीपत्रक माझ्या चिठ्ठ्यांवरच ठेवलं.

“आई, आरशात बघ जरा. बाबांच्या आधी तू जाशील.”

“जाईन. पण त्यांना परक्यांच्या हवाली करणार नाही.”

“कर मग तुझंच खरं!”

चहा न घेताच गेला.

८ फेब्रुवारी
काही लिहिलं नाही.

१० फेब्रुवारी
दुपारी माझा डोळा लागला. उठले तर दार सताड उघडं! कोपऱ्यावरच्या शिंप्यानं ह्यांना हाताला धरून आणलं. “काकू, भर रस्त्यात उभे होते हो.” अनवाणी. तळव्यात काच. मी पाय धुवत होते तर म्हणाले, “फार त्रास देतोय आपल्याला. आपण कोण?”

मला ‘आपण’!

११ फेब्रुवारी
हरले मी. ‘सांभाळ’ची चिठ्ठी लिहायचा मला काय अधिकार? मुलाला फोन केला, “तू म्हणतोस तसं कर.”  पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं.

१३ फेब्रुवारी
ह्यांना घेऊन केअर होममध्ये गेले. तिथल्या बाईंनी फाईल काढली. अर्ज आधीच भरलेला! “साहेब स्वतः येऊन गेले होते, दोन वर्षांपूर्वी. खोलीही त्यांनीच निवडली.” खाली ह्यांचं बारीक, तिरकं अक्षर — ‘बायको मला आणायला तयार होणार नाही. आणेल त्या दिवशी आधी तिला बसायला खुर्ची द्या.’

बाईंनी खुर्ची पुढे केली.