भरतीच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आये,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी बरा हाय.

इथं जेलात बी.ए.च्या पहिल्या वर्षाची चाचणी परीक्षा दिली. भूगोलात भरतीचा प्रश्न आला. पुस्तकातलं आठवेना, म्हणून तू शिकवलेलं लिहिलं: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. शिकवायला येणारे सर हसले, पण पूर्ण मार्क दिले. ते मार्क तुझे.

गुडघा कसा हाय? बोंबील वाळत घालायला एकटीच जातेस का?

माझ्या लेकीला, प्राप्तीला तू सांगतेस, बाबा बोटीवर कामाला गेलाय; तिनं बोट बघायचा हट्ट धरला, की अडवतेस. आता सांग, बाबा कॉलेजात हाय. हे तरी खोटं न्हाय.

आणि तिनं कॉलेज बघायचा हट्ट धरला, तर या वेळी तिला अडवू नको.

तुझा लेक,
प्रज्योत