आधी बाप पाण्यात

वाई, ६ मे २०२५

चि. वीरधवल आणि चि. सौ. क्रांती यांना विजयमाला आत्याचे अ. उ. आ.

मुलांना पोहण्याच्या शिबिरात घालणाऱ्या आईबापांनो, तुमची तक्रार एकच: बारा दिवस झाले, शेजाऱ्यांचं पोर तलावभर पोहतंय आणि आमचं अजून कठडा सोडत नाही. वाचणारे तुम्ही दोघंच, हे मला ठाऊक आहे. पण जन्मभर सभांतून बोलल्यावर दोघांपुरता आवाज लहान करता येत नाही. फोन केला नाही, कारण वीरधवल मध्येच बोलतो.

वीरधवल, क्रांतीने कळवलं, की येत्या रविवारी तू संयोगिताला इस्लामपूरजवळच्या आपल्या विहिरीवर नेणार आणि काठावरून ढकलणार. ‘आबांनी मला तसंच टाकलं, मी पहिल्याच दिवशी पोहलो,’ असं तू त्या नऊ वर्षांच्या पोरीला सांगितलंस.

तू पोहला नव्हतास. मी काठावर होते. तुझ्या पाठीला वाळका भोपळा बांधला होता, पण सैल. तू पडलास आणि भोपळा एकटाच वर आला. तुझे आबा, माझा आकारामदादा, फौजेतून सुट्टीवर आलेला; पोरगं बुडी मारतंय म्हणून हसत होता. आम्ही चार मोठी माणसं बघत उभी. बुडणारं मूल ओरडत नाही रे, ते सिनेमात ओरडतं. तुझा एक हात पाण्याखाली हळू हलत होता आणि आम्हाला तो खेळ वाटला. धुणं टाकून तुझी आई, मनुवहिनी, धावली. तिला पोहता येत नव्हतं. पायऱ्यांवरून गळ्याएवढ्या पाण्यात शिरून तिने केसांना धरून तुला ओढलं. पुढे दोन वर्षं तू ओढ्यालाही पाय लावला नाहीस. दादाने गावभर सांगितलं, पोरगं पोहलं. तेवढंच तुझ्या लक्षात राहिलं. आम्ही दुरुस्त केलं नाही, हा आमचा गुन्हा.

आधी श्वास, मग पाठीवर तरंगणं. हातपाय मारणं शेवटी. क्रांती, एका शिकवणाऱ्यामागे किती मुलं आहेत ते मोज, आणि पोरगी पाण्यात असताना मोबाईल पिशवीत ठेव. वीरधवल, विहिरीवर खुशाल जा, पण आईला विचारून.

तुमच्यावर रागावण्याइतका जीव असलेली,
आत्या

कुपवाड, १२ मे २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी संताप आला. मग ते आईला वाचून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली नाही. म्हणाली, “व्हय. तुझा बा तवा लय खूश हुता. मी काय बोलायची?”

काल पायऱ्यांनी उतरलो. आधी मी. वस्तीवरचे गुंडाकाका काठावरून ‘दे ढकलून’ म्हणत होते. मी वर पाहिलं नाही. संयोगिता तिसऱ्या पायरीवर बसून अर्धा तास पाण्यात नुसते बुडबुडे सोडत राहिली. मग म्हणाली, “पप्पा, हात काढायचा नाही हं.”

मी तिच्या पाठीखाली तळहात धरला. ती आडवी झाली. कान पाण्यात गेले, तशा तिच्या मुठी सुटल्या. आणि आत्या, थोड्या वेळाने माझ्या तळहातावर वजनच राहिलं नाही. मी हात काढला नव्हता. पाण्याने तिला माझ्याकडून घेतलं होतं. कपारीतला पारवा फडफडत वर गेला, तो तिने त्या गोल आभाळात दिसेनासा होईपर्यंत पाहिला. मी अडतीस वर्षांचा माणूस, छातीएवढ्या पाण्यात श्वास घ्यायचा विसरलो.

आई वरच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, म्हणाली.

शिबिराच्या समारोपाला पालकांपुढे आत्याने बोलावं, अशी क्रांतीची आणि माझी विनंती.

माया अशीच असू द्यावी.
वीरधवल

वाई, १६ मे २०२५

चि. वीरधवल यास अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. इतक्या सभा गाजवल्या, पण ते गोल आभाळ मला कुणापुढे उभं करता आलं नसतं. समारोपाला मी येणार नाही. तूच बोल.

लोभ आहे तसाच ठेव. आणि येत्या रविवारी मनुवहिनीचा हात धरून तिला तिसऱ्या पायरीवर आण, आणि तुझा तळहात तिच्या पाठीखाली धर.

तुझी,
विजयमाला आत्या